पोकळ आवाज

फिंटन गेराटी, वय एकसष्ट,
बेलमलेटच्या शाळेची बस चालवतो.
मंगळवारी नर्सने त्याच्या बोटाला सुई टोचली,
आकडा पाहिला, चष्मा काढला
आणि म्हणाली,
दुकानातला तो पांढरा पाव आता पुरे.

तो काही बोलला नाही.
घरी डब्यात सहा कापं उरली होती,
कापसासारखी, आज्ञाधारक.
त्यातली दोन त्याने उभ्याउभ्याच खाल्ली,
मग चार कोंबड्यांना घातली.

शेजारची अट्रॅक्टा मोजमाप सांगत नाही.
पीठ किती? – वाडगाभर.
कोणता वाडगा? – निळा.
ताक? – मागेल तेवढं.
कोण मागेल?
– पीठ, फिंटन. पीठच मागेल.

पहिल्या दिवशी तो सोडाच विसरला.
भट्टीतून जे निघालं
ते मागच्या दाराला टेकू म्हणून ठेवलंय.
समुद्रावरून वारा उठला की
दार आता जराही हलत नाही.

दुसऱ्या दिवशी, पोरं उतरवून आल्यावर, पुन्हा.
कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ,
मूठभर ओट, मीठ,
सोडा तळहातावर चुरडून
(गुठळी राहिली तर जिभेला साबण लागतो),
मधोमध आळं, आळ्यात ताक,
बोटं पंजासारखी ताठ पसरून
गोल फिरवायची, जेमतेम एकत्र येईपर्यंत.
मळायचं नाही.

हे त्याला सगळ्यात जड गेलं.
हाती आलेलं सगळं आजवर त्याने
दाबून, रेटून, आवळून ठेवलं होतं,
नटबोल्ट काय, पैसे काय, राग काय.
आणि इथे
हात जितक्या लवकर काढून घ्याल तितकं बरं.

वर सुरीने फुली,
आतल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी ना,
असं अट्रॅक्टा म्हणते, आणि हसत नाही.
फिंटनचा पऱ्यांवर विश्वास नाही.
फुली मात्र त्याने खोल मारली.

चाळीस मिनिटं.
तेवढ्यात बसच्या काचा पुसून होतात.
तेवढ्यात खाडी चिखलापर्यंत उघडी पडते.
तेवढ्यात भाजक्या गव्हाचा वास
खुंटीवरच्या कोटात असा काही जाऊन बसतो
की उद्या पहिल्या सीटवरचा टाइग
नाक वर करून विचारणार आहे,
आज बस कशावर चालतेय?

झाला का ते कळायचं कसं?
उलटा कर, म्हणाली होती, आणि बुडावर ठोक.

त्याचा बाप होड्या दुरुस्त करायचा.
बोटाच्या पेराने एकेक फळी ठोकत जायचा,
कान लाकडाला लावून.
भरीव आवाज आला की पुढची.
पोकळ आला की तोंड वाकडं,
आत कुजलंय, काढून टाक.
माणसंही तो अशीच ठोकून बघायचा.
हा पोकळ, त्याचा शब्द पोकळ,
धाकट्या मुलाची स्वप्नं तर काय, नुसता पोकळ वासा.
तो धाकटा मुलगा
आज जाड फडक्यात गरम पाव धरून उभा.

ठोकलं.
आतून आवाज आला, पोकळ.
रिकाम्या घराच्या दारावर यावा तसा.

चेहरा पडला त्याचा. कुंपणापलीकडे ओरडून म्हणाला,
गेला हाही. पोकळ वाजतोय.
अट्रॅक्टा कपडे वाळत घालत होती,
तोंडात चिमटा तसाच धरून म्हणाली,
अरे, मग झाला की.
पोकळ वाजला म्हणजे झाला.
भरीव वाजला असता तर कच्चा.

तो थोडा वेळ तसाच.
मग पुन्हा ठोकलं. थोडं थांबून आणखी एकदा,
आता काही तपासायला नाही,
नुसतं ऐकायला.

निवेपर्यंत थांब, असंही ती म्हणाली होती.
कोण थांबतंय.
वाफेत सुरी ओली झाली,
काप जाड निघाली, वेडीवाकडी,
कडेला कुरकुरीत आणि मधे दमट,
आणि तिच्यावर लोणी
पिवळं, पसरत, काठापर्यंत.

लोण्याबद्दल नर्स काही बोलली नव्हती.
त्यानेही विचारलं नव्हतं.